‘डॉलर नाहीत, काजू घ्या’ : काउंटरट्रेडमध्ये पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आठवते? दारात बसून ती पँट उजेडाकडे धरून बघते, साडीचा काठ ओढते, विरलेली जागा बोटाने दाखवते आणि म्हणते, ‘ताई, एवढ्यात पातेलं नाही बसत, अजून दोन शर्ट टाका.’ घरच्या बाईला वाटतं, जुनेर देऊन पातेलं फुकटात पडलं. बोहारणीला मात्र ही साडी कुठल्या बाजारात, कोणाला आणि कितीला जाणार हे दाराशी यायच्या आधीच ठाऊक असतं. तिला ती नेसायची थोडीच असते!

आंतरराष्ट्रीय व्यापारातला काउंटरट्रेड हा तोच धंदा, फक्त कंटेनर आणि कागद जास्त. पाठ्यपुस्तकात त्याला ‘प्रतिव्यापार’ म्हणतात, बँकेत आणि निर्यातदारांच्या तोंडी काउंटरट्रेडच. आपण माल पाठवायचा आणि त्याची किंमत पूर्ण किंवा थोडी मालाच्या रूपातच घ्यायची. निर्यातीच्या कागदपत्रांच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगतो. या व्यवहारात तुमचा वसुलीचा प्रश्न सुटत नाही. गिऱ्हाईक स्वतःचा माल विकण्याचं काम तुमच्या गळ्यात घालतं, एवढंच. ते काम तुम्हाला जमणार असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

पायरी १ : ‘डॉलर नाहीत’ म्हणजे नक्की काय, ते काढून घ्या

या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. गिऱ्हाइकाच्या खात्यात त्याच्या देशाचं चलन पडून आहे, पण तिथल्या मध्यवर्ती बँकेकडेच परकीय चलनाचा खडखडाट आहे, हा एक. अशा ठिकाणी काउंटरट्रेड खरोखर कामी येतो. दुसरा, पैसे आहेत पण निर्बंधांमुळे बँका ते हलवायला तयार नाहीत. इथे नवख्याला वाटतं की पैशाऐवजी माल घेतला म्हणजे निर्बंधातून सुटका झाली. तसं होत नाही. माल, जहाज, विमा, समोरची कंपनी, सगळंच तपासलं जातं, म्हणून बँकेच्या कम्प्लायन्स विभागाचं, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्यांचं, लेखी उत्तर हातात पडेपर्यंत प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे विक्रीआधीचं कच्चं बिलसुद्धा पाठवू नका. तिसरा अर्थ म्हणजे गिऱ्हाइकाकडे पैसेच नाहीत. त्याला हात जोडा.

अडचण देशाची असली तरी वेळेचं गणित बघा. इराणकडून घेतलेल्या तेलाचे २५.१ कोटी डॉलर श्रीलंकेकडे थकले होते. डिसेंबर २०२१ मध्ये ठरलं की दरमहा ५० लाख डॉलरचा चहा पाठवून ते फेडायचे. भागाकार केला तर पन्नास महिने होतात. त्यात मध्ये श्रीलंकेवर आर्थिक संकट कोसळलं आणि प्रत्यक्ष चहा निघायला २०२३ उजाडलं. दोन सरकारं अशी थांबू शकतात. तुमची कॅश क्रेडिट लिमिट थांबेल का?

पायरी २ : समोर आलेला प्रस्ताव कोणत्या जातीचा आहे

शुद्ध बार्टर म्हणजे मालाला माल, मध्ये चलन नाही. जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर सलामाबाद आणि चकां-दा-बाग इथून २१ ऑक्टोबर २००८ पासून असा व्यापार चालायचा. २१ प्रकारच्या वस्तू, त्यावर शुल्क नाही आणि मध्ये बँकही नाही. एप्रिल २०१९ मध्ये तो बंद झाला. एरवी असा निखळ बार्टर तुमच्या वाट्याला क्वचितच येईल.

जास्त आढळते ती काउंटरपर्चेस. म्हणजे दोन वेगळे करार : मी तुम्हाला पंप विकतो आणि ठरलेल्या मुदतीत तुमच्याकडून अमुक रकमेचा माल घ्यायचं कबूल करतो. पेप्सीची गोष्ट याच घराण्यातली. रूबलला देशाबाहेर किंमत नव्हती, म्हणून १९७२ च्या करारात सोव्हिएत युनियनला पेप्सीचं सिरप गेलं आणि पेप्सीला अमेरिकेत स्तोलिचनाया व्होडका विकायचा हक्क मिळाला. व्यवहार फुगत गेला, व्होडका पुरेना, आणि १९८९ मध्ये हिशेब पुरा करायला १७ जुन्या पाणबुड्या, एक क्रूझर, एक फ्रिगेट आणि एक विनाशिका देऊ केली गेली. पेप्सीकडे जगातलं सहाव्या क्रमांकाचं आरमार होतं वगैरे जे फॉरवर्ड फिरतं ते हसून सोडून द्या. ती भंगारात काढायची जहाजं होती. पण कंपनीला भंगाराचं गिऱ्हाईक शोधावं लागलं, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बायबॅकमध्ये तुम्ही यंत्रं किंवा कारखाना देता आणि त्यातून निघालेलं उत्पादन किमतीपोटी घेता. याचं मला आवडणारं उदाहरण १ फेब्रुवारी १९७० रोजी जर्मनीतल्या एसेन शहरात झालं. पश्चिम जर्मनीच्या मानेसमानने सोव्हिएत युनियनला मोठ्या व्यासाचे पाइप द्यायचे, डॉइश बँकेच्या पुढाकाराने त्यासाठी १.२ अब्ज मार्कचं कर्ज उभं करायचं आणि रूरगास या तिथल्याच वायू कंपनीने वीस वर्षं सोव्हिएत वायू विकत घ्यायचा, असा तिपेडी करार झाला. वायू १९७३ मध्ये वाहू लागला. यातली खुबी बघा. परत येणारा माल घ्यायला रूरगास पहिल्या दिवसापासून सहीला बसली होती. मानेसमानला वायू विकत हिंडावं लागलं नाही.

ऑफसेट हा प्रामुख्याने संरक्षण खरेदीतला प्रकार. विकणाऱ्याने किमतीचा ठरावीक भाग घेणाऱ्या देशातच खरेदी किंवा गुंतवणुकीच्या रूपात परत घालायचा. ३६ राफेल विमानांच्या २०१६ च्या व्यवहारात कराराच्या निम्म्या किमतीची ऑफसेटची अट होती. नागपूरच्या मिहानमधला दासो-रिलायन्सचा विमानाचे भाग बनवणारा कारखाना त्याच काळातला. लहान उद्योजकाला ऑफसेट भेटला तर तो बहुधा मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारा म्हणूनच, त्यामुळे इथे त्यात शिरत नाही.

राहिला क्लिअरिंग खात्याचा मार्ग. दोन देशांचा आयात-निर्यातीचा हिशेब एकाच खात्यात वळता करायचा. इराणच्या तेलाचे पैसे २०१२ पासून यूको बँकेत रुपयांत जमा होत आणि त्याच रुपयांतून आपल्या बासमती, चहा, सोयापेंड, औषधं यांच्या निर्यातदारांचे पैसे भागत. मे २०१९ मध्ये भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. खात्यात येणारा ओघ आटला आणि वसुलीची काळजी तांदूळ-चहावाल्यांना लागली. रशियाच्या बाबतीत उलटं झालं. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी सांगून टाकलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. खातं एकाच बाजूने भरत गेलं की ते तुंबतं, आणि एकाच बाजूने उपसत गेलं की कोरडं पडतं. या मार्गाने जाणार असाल तर दुसऱ्या बाजूने खात्यात सध्या काय आणि किती येतंय, हे बँकेला विचारा.

पायरी ३ : येणारा माल कोण घेणार, याचं नाव लिहा

‘बाजारात विकू’ हे उत्तर चालत नाही. कागदावर एका खरेदीदाराचं नाव, भाव आणि मुदत लिहिता आली पाहिजे. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

समजा, तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडे शेतीपंप बनवता. पश्चिम आफ्रिकेतला एक खरेदीदार १,००,००० डॉलरचे पंप मागतो आणि डॉलरऐवजी काजूबी देऊ म्हणतो. ऐकायला छान आहे, कारण चंदगड-आजऱ्यापासून सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत काजू फोडणारे कारखाने आहेत आणि स्थानिक बी पुरत नाही म्हणून आफ्रिकेची बी आपल्याकडे येतेच. म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण तुम्हाला पंपाचा हेड आणि डिस्चार्ज कळतो, काजूतलं काय कळतं?

म्हणून आधी एखाद्या काजू कारखान्यात जाऊन कटिंग टेस्ट डोळ्यांनी बघा. पोत्यापोत्यांत टोकदार पोकळ नळी खुपसून काढलेल्या बीतून एक किलोचा नमुना घेतात, बिया मोजतात आणि एकेक बी कटरने मधोमध कापतात. टेबलावर ढीग पडत जातात : पांढरा भरीव गर, डागी गर, सुरकुतलेला, बुरशी आलेला, किडका. चांगला गर पूर्ण धरतात, डागी आणि सुरकुतलेला निम्मा, बाकीचा शून्य. त्यावरून आउटटर्न निघतो, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर पडेल. एक किलोत २७२ ग्रॅम गर निघाला तर आउटटर्न ४८, २५५ ग्रॅम निघाला तर ४५. फरक सतरा ग्रॅमचा, मुठीत मावेल इतका. पण सगळा भाव त्यावर हलतो. शिवाय बी ओलसर भरली असेल तर वाटेत वजन घटतं आणि कंटेनरमध्ये घाम सुटून बुरशी धरते, म्हणून ओलाव्याची टक्केवारीही बघतात.

हा सगळा प्रकार बघून पोटात गोळा आला तर ते चांगलं लक्षण आहे. आता काजू कारखानदाराशीच बोला आणि त्याला व्यवहारात तिसरा पक्ष म्हणून घ्या, जसं रूरगासला घेतलं होतं. तो तयार नसेल तर तुमच्याकडे व्यवहार नाही, फक्त उत्साह आहे.

पायरी ४ : पाटीवर हिशेब मांडा

हे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नका.

आफ्रिकेतला पक्ष बीचा भाव न्हावा शेव्याला पोहोच टनाला १,२५० डॉलर लावतो. म्हणजे १,००,००० डॉलरमध्ये ८० टन, वीस फुटी पाचेक कंटेनर. आपला कारखानदार म्हणतो, ४८ आउटटर्नला मी १,२०० देईन. झाले ९६,०००. माल आला, टेस्ट झाली, आउटटर्न भरला ४५. त्या प्रमाणात भाव उतरवला की उरले ९०,०००. पंप आधी पाठवले आणि काजूचे पैसे सहा महिन्यांनी हातात आले, तर वर्षाला १० टक्के धरून ५,००० व्याजात गेले. उरले ८५,०००. पंपावर तुमचा नफा १२ टक्के असेल तर ते बनवायला ८८,००० लागले होते. म्हणजे काजूचा वास आणि तीन हजारांचा तोटा.

इथे बरेच जण एक ‘युक्ती’ सुचवतात : पंपाचाच भाव १५ टक्के चढवून लावा, घट त्यात भरून निघेल. नका करू. रिझर्व्ह बँकेच्या काउंटरट्रेडच्या नियमांत आयात आणि निर्यात दोन्ही आंतरराष्ट्रीय भावाने असावी अशी स्पष्ट अट आहे, आणि फुगवलेलं इन्व्हॉइस कस्टम्सच्या नजरेत आलं की निस्तरताना वकिलाची फी त्या १५ टक्क्यांच्या वर जाते. घट भरून काढायची ती येणाऱ्या मालाच्या भावात घासाघीस करून, आउटटर्ननुसार भाव उतरण्याचं कलम घालून आणि थोडी रक्कम रोख मागून. बोहारीणही पातेल्याची किंमत खोटी सांगत नाही. साडीची कमी धरते आणि अजून दोन शर्ट मागते.

रोख किती मागायची? माझा ठोकताळा असा की कच्चा माल आणि मजुरीचा जेवढा भाग जमेल तेवढा रोखीत यावा, नफ्याचा भाग मालात आला तरी चालेल. हा नियम नाही, झोप नीट लागावी म्हणून धरलेली रेघ आहे.

पायरी ५ : करार दोन, दुवा एक

विक्रीचा करार वेगळा, खरेदीचा करार वेगळा, आणि दोघांना जोडणारा छोटा प्रोटोकॉल. कारण एका मालात भांडण झालं तर दुसऱ्याची वसुली अडू नये. सगळं एकाच करारात कोंबलं की काजूला बुरशी लागली म्हणून पंपांच्या बिलावर वाद सुरू होतो. कलमांचा अभ्यास करायचा असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने, म्हणजे अन्सिट्रालने, १९९२ मध्ये काउंटरट्रेडसाठी खास कायदेशीर मार्गदर्शिका तयार केली आहे. वकिलाकडे जाण्यापूर्वी ती चाळा.

मालाचं वर्णन हा कराराचा कणा. नोकरीच्या सुरुवातीला एका परदेशी पक्षाशी झालेला करार माझ्या टेबलावरून गेला होता, त्यात परत येणाऱ्या मालाबद्दल एवढंच लिहिलं होतं : ‘परस्परसंमतीने ठरवण्यात येईल असा माल’. मला तेव्हा ते सभ्य वाक्य वाटलं. वर्षाने यादी आली. तीत साबण, हस्तकलेच्या वस्तू आणि सुक्या मिरच्या होत्या. मिरच्या, महाराष्ट्रात! मुदत संपत आलेली, दंडाचं कलम आमच्यावरच लागू. शेवटी एका ट्रेडिंग हाउसला कमिशन मोजून माल घ्यायची जबाबदारी त्यांच्या नावावर करावी लागली. तेही जमलं कारण जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवता येईल असं कलम कोणीतरी शहाण्याने घातलं होतं. तेवढं एक कलम तुमच्याही करारात असू द्या.

बाकी लिहायचं ते असं : पिकाचा हंगाम आणि लदानीचे महिने, आउटटर्न व ओलाव्याची मर्यादा, तपासणी कोणती तटस्थ संस्था करेल आणि लदानीला करेल की उतरल्यावर (दोन्हीकडे करा, खर्च वसूल होतो), भाव कधीचा धरायचा, माल आपण कुठल्याही देशात विकू शकतो का, आणि माल आलाच नाही तर रोख किती दिवसांत. यातलं शेवटचं कलम बँक गॅरंटीशिवाय शोभेचं असतं.

पायरी ६ : बँकेत करार सही व्हायच्या आधी जा

सही करून मग बँकेत येणारे लोक मी पुष्कळ पाहिले. बँक मान हलवते आणि सगळं पुन्हा लिहावं लागतं. साधारण तीन वाटा आहेत.

पहिली, सेट-ऑफ. समोरच्याकडून येणं आणि त्यालाच असलेलं देणं बँकेच्या मार्फत एकमेकांत वळतं करायचं. एकाच पक्षाशी दोन्ही व्यवहार असतील आणि कागद स्वच्छ असतील तर लहान निर्यातदाराला ही वाट सोयीची.

दुसरी, खास काउंटरट्रेडसाठीचं एस्क्रो खातं, म्हणजे ठरलेल्या अटी पुऱ्या होईपर्यंत बँक पैसे धरून ठेवते ते खातं. ते भारतातल्या बँकेत, अमेरिकी डॉलरमध्ये असतं आणि त्यासाठीचा अर्ज परदेशी पक्षाने अधिकृत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे करायचा असतो. या खात्यावरच्या शिलकीला व्याज नाही. तात्पुरती जास्तीची रक्कम मुदत ठेवीत ठेवता येते, पण बारा महिन्यांत मिळून तीनच महिने. या शिलकीच्या आधारावर कर्ज किंवा गॅरंटी मिळत नाही.

तिसरी, रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने सुरू झालेली विशेष रुपी व्होस्ट्रो खाती, जिथे सगळं रुपयांतच चालतं. समोरच्या देशाच्या बँकेचं असं खातं आपल्याकडे उघडलेलं असेल तरच ही वाट मोकळी आहे. परकीय चलनाचे नियम सतत सुधारले जातात, तेव्हा जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. बँकेकडून ताजं परिपत्रक मागून घ्या.

एस्क्रोची खरी गंमत क्रमात आहे. काजू आधी येऊ द्या. तपासणी होऊन ठरलेली रक्कम एस्क्रोत जमा होऊ द्या आणि मग पंप चढवा. वरच्या हिशेबातले व्याजाचे पाच हजार तिथेच वाचतात, आणि समोरचा फिरला तर पंप तुमच्या गोदामात असतात. परदेशी पक्ष यावर कुरकुर करेल, आणि त्याच्या जागी आपणही केली असती. तेव्हा तडजोड म्हणून हप्ते पाडा : दोन कंटेनर काजू, तेवढ्याचे पंप, मग पुढचे.

पायरी ७ : कस्टम्सला अदलाबदल ठाऊक नाही

त्यांच्या लेखी एक पूर्ण निर्यात झाली आणि एक पूर्ण आयात झाली. पंपांचं शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) पूर्ण किमतीचं, काजूचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा) पूर्ण किमतीचं, आणि आयातीवरचं शुल्क व कर रोख भरायचा. ‘आम्ही पैसे दिलेच नाहीत, मग ड्युटी कशाची?’ हा प्रश्न सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात दर महिन्याला कोणीतरी विचारतोच. बी हा शेतमाल असल्याने फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला) आणि फ्युमिगेशनचा, म्हणजे कीडनाशक धुरी दिल्याचा कागद नसेल तर कंटेनर बंदरात उभा राहतो आणि डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याच्या भाड्याचं मीटर पडत राहतं. माल समुद्रात असतानाच कारखानदाराला हाय सी सेलने विकायचा विचार असेल तर तो बँक आणि सीएचए दोघांच्या कानावर आधीच घाला, कारण मग बिल ऑफ एंट्री त्याच्या नावाने होणार आणि सेट-ऑफच्या कागदांतलं नाव जुळणार नाही.

निर्यातीची नोंद बँकेच्या ईडीपीएमएस या संगणकीय नोंदवहीत उघडी असते, आयातीची आयडीपीएमएसमध्ये. दोन्ही बंद झाल्याशिवाय व्यवहार संपला असं समजू नका. आणि रकमा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आउटटर्न अर्ध्या पौंडाने चढतो, एखादं पोतं फाटतं, विनिमय दर हलतो आणि खात्यात तीन-चार हजार डॉलर उरतात. त्या शिलकीचं काय करायचं, याचं दोन्ही पक्षांच्या सहीचं पत्र पहिला कंटेनर हलण्याआधीच फाइलला लावून ठेवा. नंतर ते मागायला गेलात तर समोर नवा माणूस बसलेला असतो आणि तो विचारतो, ‘कुठले पंप?’